राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची प्रवेशचाचणी: तयारीबद्दल थोडे

पदवी संपत आलेल्या आपल्या मुलीने राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी केवळ हिंदी उच्चारांवर मेहनत घ्यावी का, या आपल्या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. हिंदीचे कामापुरते ज्ञान तिथे अपेक्षित असतेच. परंतु प्राथमिक चाचणीतून निवडलेल्या उमेदवारांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला सामोरे जावे लागते आणि तिथे पाठ केलेल्या उताऱ्यापेक्षा, सूचना बदलताच शरीर आणि आवाज किती मोकळेपणाने बदलतात, याचा कस लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीला मी एकच स्वगत कधी भाकरी थापताना, तर कधी जिना चढताना म्हणायला लावले, तेव्हा कुठे तिच्या आवाजातली एकांकिका स्पर्धांची ठरावीक पट्टी सुटली. आधी केलेल्या नाटकांची प्रमाणपत्रे मात्र आजच एकत्र करून ठेवावीत, कारण अर्ज करताना रंगमंचावरील अनुभव दाखवावा लागतो.