व्हीगन आणि प्लांट बेस्ड, नक्की फरक काय?

प्रश्न: भाची सुट्टीला आलीये, व्हीगन आहे म्हणते, काल भाकरीवर तूप घालू दिलं नाही आणि खोकल्याला मध दिला तर तोही नको म्हणाली. तिची मैत्रीण प्लांट बेस्ड खाते पण ती मध घेते. एकच ना हे?

प्रतिसाद १: नाही ताई. व्हीगन म्हणजे प्राण्यांना त्रास नको हा विचार, म्हणून दूध-मध तर नाहीच पण रेशमी पैठणी, चामड्याची कोल्हापुरी चप्पलपण नाही. शब्दच १९४४ला इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी निघाली तेव्हाचा आहे. प्लांट बेस्ड ताटापुरतं, बहुतेक तब्येतीसाठी, कोणी थोडं दही-मध चालवूनही घेतं.

प्रतिसाद २: आणि व्हीगन म्हणजे हेल्दीच असं नाही हां, तेलात तळलेले बटाटा वेफर्सपण व्हीगनच. पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी आत दूध पावडर असू शकते, मी पाकिटामागचे घटक वाचूनच घेते. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, व्हीगन लोगो वेगळा असतो.

प्रतिसाद ३: झुणका, ठेचा, मटकीची उसळ सगळं चालतंय की तिला! भाकरी चुरून लसणाची चटणी आणि वरून कच्चं शेंगदाणा तेल घालून द्या, तुपाची आठवणपण येणार नाही.