वाडीतील स्थिरचित्रण कार्यशाळा : मांडणी झाडाखाली करावी की पडवीत?

माडाचीवाडी
नमस्कार. सावंतवाडीजवळच्या आमच्या वाडीत डिसेंबरमध्ये जलरंगातील स्थिरचित्रणाची (समोर मांडलेल्या वस्तू पाहून चित्र काढण्याची) दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याचे ठरले आहे. चौदा जण येणार असून, शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा स्थिरचित्राचा पेपर दिल्यानंतर त्यांतील बहुतेकांनी कुंचला हाती धरलेला नाही. मांडणी आंब्याखाली उघड्यावर करावी असे मनात आहे, कारण खोलीतच बसायचे असेल तर लोकांना इतक्या लांब कशाला बोलवायचे? मात्र सरकत्या उन्हाची धास्ती वाटते. पितळी तांब्या, तासलेले शहाळे, केळफूल आणि जास्वंदीची फुले अशा वस्तू योजल्या आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

छायाप्रकाश
आंब्याखाली मांडणी मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, आणि पानांतून येणारे कवडसे तर रेखाटन आटोपून रंग कालवेपर्यंत तांब्यावरून उतरून शहाळ्यावर गेलेले असतात. नवखा माणूस प्रत्येक बदलामागे धावतो आणि त्याच्या चित्रात दोन-तीन दिशांच्या सावल्या एकत्र नांदू लागतात. फ्रेंच चित्रकार सेझानने फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे बांधून घेतलेला स्टुडिओ 1902 मध्ये पूर्ण झाला. त्याच्याभोवती बाग होती, तरीही फळांच्या आणि बरण्यांच्या मांडण्या त्याने आतच, उत्तरेकडील मोठ्या खिडकीच्या उजेडात लावल्या. आपल्याकडे हे काम उत्तरेची पडवी करील.

निवृत्त कलाशिक्षक
उत्तरेच्या पडवीचा सल्ला डिसेंबरपुरता अगदी योग्य आहे, कारण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि तिथे थेट ऊन येत नाही. हाच नियम मे महिन्याच्या शिबिराला लावू नये. सावंतवाडीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यानंतर माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, आणि युरोपातील चित्रकारांना ही अडचण कधी आलीच नाही.

परंतु पडवीत बसायचे म्हणून वाडीकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. तांब्या पडवीच्या अगदी कडेला ठेवून पाहा. त्याच्या खांद्यावर आभाळाचा फिकट निळा, पोटावर झाडांचा हिरवा आणि बुडाशी अंगणातल्या जांभ्या दगडाचा तांबूस रंग उमटतो. पितळ म्हणजे येलो ऑकर (मातकट पिवळा रंग), ही परीक्षेच्या काळातली सवय तिथेच मोडते, आणि माझ्या मते लोकांना एवढ्या लांब बोलावण्याचे खरे कारण हेच आहे. तांब्यावरच्या चकाकीपुरता कागद प्रथमपासून कोरा राखायला सांगावे. पांढरा पोस्टर कलर लावून ती मागाहून आणता येते खरी, पण ती पितळाची वाटत नाही.

वस्तूंबाबत थोडे सावध करतो. जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटते आणि शहाळ्याचा तासलेला पांढरा भाग पाहता पाहता तांबूस पडू लागतो. म्हणून या दोन्ही वस्तू आधी रंगवून घ्याव्यात, अन्यथा जास्वंदीऐवजी झेंडू ठेवावा. तो दोन्ही दिवस टिकतो. चौदा जणांना एका मांडणीभोवती बसवल्यास निम्म्यांना तांब्याची केवळ पाठ दिसेल, त्यामुळे दोन मांडण्या कराव्यात.

रंगपेटी
वरील मुद्द्यांत व्यवहाराची भर घालतो. मेजाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाहीतर केळफुलावर दुपारी मुंग्याच मुंग्या होतील. कापड वाऱ्याने हलते, म्हणून ते टाचण्यांनी बसवावे आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूची खूण करून ठेवावी, म्हणजे रात्री आवरलेली मांडणी सकाळी जशीच्या तशी लावता येते. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, पाव शीट, एवढा पुरे. त्याहून मोठ्या कागदावर नवखे लोक पार्श्वभूमी भरण्यातच सकाळ घालवतात.

माडाचीवाडी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरेची पडवी, दोन मेजे आणि झेंडू, असे ठरवले आहे. आंब्याखाली जेवणाची पाने मांडू.