पहिलीतल्या लेकराला टायटॅनिक आणि आता किल्लारीचं वेड लागलंय, काय करावं?

लातूरची_आई
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, समजून घ्या. आमचं लेकरू पहिलीत आहे. कुठल्या तरी पुस्तकात टायटॅनिकचं चित्र बघितलं आणि तेव्हापासून जे डोक्यात घुसलंय ते निघंनाच. सगळं पाठ आहे. १४ एप्रिल १९१२, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनग घासला, २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडालं, चार धुराडी होती पण चौथ्यातनं इंजिनाचा धूर निघायचाच नाही, ते हवेसाठी होतं, हे तो दूधवाल्या काकांना सुद्धा थांबवून सांगतो. आंघोळीच्या बादलीत रोज साबणाची डबी बुडते. मध्ये काही दिवस व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि त्यानं गाडलेलं पॉम्पेई शहर चाललं होतं, मग परत जहाज. इथपर्यंत आम्हाला कौतुकच होतं, पाहुणे आले की आम्हीच म्हणायचो सांग बरं टायटॅनिकचं.

आता शाळेत कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं. माझ्या सासूबाईंचं माहेर त्याच भागातलं, त्यांचे भाऊ आणि भावजय त्या रात्री गेले. परवा ह्यानं सगळे जेवायला बसलेले असताना विचारलं, "आजी, तुमच्या घरातले किती मेले? लगेच मेले का दगडाखाली जिवंत होते?" सासूबाई ताटावरून उठून आत गेल्या. ह्याचे पप्पा ओरडले. लेकरू रडत रडत म्हणालं, टायटॅनिकचं सांगितलं की शाबास म्हणता आणि हे विचारलं तर का रागावता. मला काय उत्तर द्यावं तेच सुचंना.

ह्या वयात असं असतं का? विषय बंद करावा का सांगावं, आणि सांगावं तर किती? झोप बिप नीट आहे, भीती वाटत नाही, फक्त प्रश्न थांबत नाहीत.

परभणीचे_गुरुजी
ताई, पहिली-दुसरीच्या वर्गात असं एखादं लेकरू दरवर्षी असतंच. कुणाला डायनोसॉर कसे संपले ते पाहिजे, कुणाला ज्वालामुखी. मला जे दिसतं ते सांगतो, लेकराला मरणाची आवड नसते, त्याला हे कळून घ्यायचं असतं की एवढं मोठं, एवढं पक्कं, मोठ्या माणसांनी बांधलेलं मोडलं कसं. त्याला मिनिटं आणि आकडे लागतात कारण त्यामुळं ती गोष्ट हातात धरता येते, सुरुवात आहे, शेवट आहे, परत परत सांगता येते. म्हणून बंद करू नका, उलट "कसं झालं" ते नीट द्या. बर्फाचा ट्रे घ्या, पाण्यावर ठेवा आणि पुढच्या कप्प्यांत हळूहळू पाणी सोडा. टायटॅनिकच्या तळाला असे १६ कप्पे होते, पुढचे चार भरले तरी जहाज तरंगलं असतं, पण हिमनगानं त्याहून जास्त फाडले, आणि मधल्या भिंती वरपर्यंत नेलेल्याच नव्हत्या त्यामुळं नाक खाली गेलं तसं पाणी एका कप्प्यावरून दुसऱ्यात सांडत गेलं. ट्रेमध्ये हे डोळ्यासमोर दिसतं, लेकरं तासभर हलत नाहीत.

आणि एक, गोष्ट बुडण्यावर संपवू नका. कार्पेथिया नावाचं जहाज हाक ऐकून रात्रीत बर्फातनं वाट काढत आलं, कॅप्टन रॉस्ट्रननं सगळी वाफ इंजिनाला मिळावी म्हणून प्रवाशांचं गरम पाणी बंद करायला लावलं, आणि पहाटे चारच्या सुमारास पोचून सातशेच्या वर माणसं उचलली. जहाजावर २२०० च्या आसपास माणसं आणि होड्यांत जागा ११७८ जणांची, हे पण सांगा, आणि त्यानंतर सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या आणि रेडिओवर चोवीस तास माणूस पाहिजे असा नियम झाला हे पण. आपण मोठी माणसं मेलेल्यांचा आकडा सांगून थांबतो, मग लेकरू तोच आकडा धरून बसतं.

माई_नांदेड
मला नाही पटत गुरुजी. एवढ्याशा लेकराच्या तोंडात सारखं मेले मेले, बरं वाटतं का ऐकायला? त्याला झाडं दाखवा, शेतात न्या, आपोआप सुटंल. आणि त्या आजीचा विचार करा आधी. ज्याचं गेलं त्यालाच ते कळतं. मोबाईलवर असले व्हिडिओ तर अजिबात दाखवू नका, चित्र एकदा डोक्यात बसलं की जात नाही.

उमरगेकर
माई, व्हिडिओचं तुमचं एकदम बरोबर. पण विषय बंद करण्याबद्दल मला बोलायचंय कारण मी त्यातलाच आहे. मी तेव्हा चौथीत होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. आम्ही भावंडं त्या रात्री गोठ्यात पत्र्याखाली झोपलेलो म्हणून आज हे लिहायलोय. नंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायलो तेव्हा आम्ही पोरं काय खेळायचो माहीत आहे का, भूकंप-भूकंप. एकानं पोत्याखाली पडायचं, बाकीच्यांनी त्याला काढायचं, एक जण मिलिटरीवाला. मोठी माणसं बघितलं की हाणायची. पण आमच्या खेळात पोत्याखालचा प्रत्येक वेळी जिवंत निघायचा, आणि तेवढं तरी आमच्या हातात आहे असं वाटायचं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, घरात तो विषय निघाला की सगळे गप. त्या गप बसण्याची मला जास्त भीती वाटायची.

ताई, तुमच्या लेकराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याला सांगा की टायटॅनिकवरनं वाचलेली शेवटची बाई २००९ साली वारली, जहाज बुडालं तेव्हा ती दोन महिन्यांची होती. आता त्या रात्रीचं कुणीच उरलं नाही, म्हणून आपण कितीही आकडे बोललो तरी कुणाला लागत नाही. किल्लारीची माणसं अजून आहेत, एक तर आपल्याच घरात आहे. पहिलीतल्या लेकराला हा फरक कळतो, नक्की कळतो. त्याला म्हणा, आकडा विचारायचा तर मला विचार, सगळे मिळून दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली, ५२ गावं पार मोडली, ते मी सांगते. आजीला माणूस विचार. तुमचे भाऊ कसे होते, तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे, गावातलं घर कसं होतं. तेही आजीला सांगायचं असलं तरच. मला आजवर कुणी हे विचारलं असतं तर मी बोललो असतो.

सिव्हिलवाला_लातूर
गुरुजींच्या बर्फाच्या ट्रेसारखं किल्लारीचं पण दाखवता येतं. भूकंप ६.२ चा, खूप मोठ्या भूकंपांत तो धरत नाहीत, पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता आणि घरं तशी होती. गोल दगड, मातीत रचलेले, भिंत हातभर-दीड हात रुंद, पण आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेलेच नाहीत, मध्ये नुसता भराव. वर माळवद, पाणी गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेलं. हादरा बसला, दोन्ही थर सुटून भिंत फुटली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. एका थाळीत खडे आणि चिखलाची छोटी भिंत करू द्या, थाळी हलवा. मग दुसरी भिंत करा, तिच्यात मध्ये मध्ये आरपार जातील असे लांब दगड घाला, वरच्या बाजूनं सुतळीचा पट्टा बांधा, परत हलवा. खऱ्या घरात आपण तेच करतो, आरपार दगड आणि दरवाजाच्या वर सलग काँक्रीटचा बँड. आणि तेव्हाच्या सरकारी नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, २००२ ला नकाशा बदलला आणि झोन ३ झाला. मी ह्या लाइनीत आलो ते लहानपणी हाच प्रश्न पडला म्हणून, की शेजारचं घर उभं आणि हे कसं पडलं.

लातूरची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार, उमरगेकर दादा तुमचं तर मी ह्यांना पण वाचायला दिलं. ट्रे आणि थाळी दोन्ही झालं, ओट्यावर सगळा चिखल. फरकाचं पण सांगितलं, तो बराच वेळ गप होता, मग म्हणाला म्हणजे आजी कार्पेथियावरची आहे. सासूबाई अजून त्या विषयावर काही बोलल्या नाहीत आणि मी पण काढला नाही, माई तुमचं ते बरोबरच आहे. आता तो म्हणतो मला किल्लारी बघायचंय. ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर कार्यक्रम असतो, त्या दिवशी न्यावं का?

उमरगेकर
त्या दिवशी नको ताई. त्या दिवशी लोक आपापल्या माणसांसाठी येतात, रडतात, आणि हा मोठ्यानं प्रश्न विचारणार. दुसऱ्या कुठल्याही दिवशी न्या, सकाळी. आधी नवं गाव दाखवा, शाळा, बाजार, माणसं कशी राहतात ते, मग जुन्या गावाच्या जागेवर. निघायच्या आधी सासूबाईंना विचारून बघा त्या येतात का, आणि नाही म्हणाल्या तर एकदाच विचारा.