मदत हवी आहे: पंप चालू असतानाच स्विमिंग पूलची पातळी उतरते

सोसायटीचा आरसीसी पूल, १२ × ६ मीटर, म्हणजे १ मिमी घट = ७२ लिटर पाणी. ऑटोफिल (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) बंद करून पायरीवर बादली ठेवली, आत-बाहेर सारखी पातळी, तळाशी दगड. पंप चालू, २४ तास: बादलीत ६ मिमी घट (ही फक्त बाष्पीभवनाची), पूलमध्ये १४. म्हणजे रोज साधारण ५७५ लिटर गळती. पंप बंद ठेवल्यावर बादली ६, पूल ७. हा १ मिमी मोजणीतलाच फरक धरतो.

म्हणून संशय प्रेशर बाजूच्या रिटर्न लाइनवर, म्हणजे पंपाच्या दाबाने पूलमध्ये पाणी परत आणणाऱ्या पाइपवर. मल्टीपोर्टच्या (फिल्टरवरचा दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) गॅस्केटमधून पाणी वेस्ट लाइनला, म्हणजे निचऱ्याच्या पाइपला, जात असेल, तरी आकडे असेच येतात, पण ती लाइन फिल्टरेशनवेळी कोरडी आहे. लाइटच्या खोबणीजवळ आणि स्किमरच्या (पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेणारा भाग) तोंडाशी रंग सोडून पाहिला, कुठेच ओढला गेला नाही. रिटर्नची तोंडं प्लगने बंद करून लाइनला पाण्याने १.४ बार दाब दिला; अर्ध्या तासात ०.८ वर आला. प्लग आणि गेजचे सांधे कोरडे होते.

लाइन २ इंची यूपीव्हीसी, डेकच्या टाइल्सखाली, सुमारे १८ मीटर. आता नेमकी जागा कशी शोधावी? लाइनमध्ये हवा सोडून ग्राउंड मायक्रोफोनने ऐकणारं पुण्यात कुणी आहे का? अंदाजाने डेक फोडायचा नाही. की नवी लाइनच टाकणं बरं? पूल रिकामा करा, हा सल्ला कृपया नको. पावसाळ्यात भूजल वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते.