ते पुस्तक तुमच्या हातात कोणी दिलं?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर मी 22 वर्षं देवघेव केली. कथा-कादंबऱ्या परत येत तेव्हा त्यांत काय काय सापडे. पीएमटीची तिकिटं, वाणसामानाची यादी, एकदा सोनोग्राफीची पावती. आणि समासात शिसपेन्सिलीच्या रेघा. रेघा मारू नयेत अशी पाटी आमच्याच भिंतीवर होती, तरी गौरी देशपांडे आणि सानिया यांच्या पुस्तकांतल्या रेघा मी कधी खोडल्या नाहीत. घरात बोलता न आलेलं कोणीतरी तिथे बोलून गेलं होतं. दोघी मैत्रिणी एकाच खात्यावर पुस्तक नेत, कारण एकीला ते घरी नेण्याची सोय नसे; ती दुसरीच्या घरी जाऊन वाचायची.

म्हणून हा धागा. बायकांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांतली ओढाताण, लग्नं, मैत्री तुमच्या आयुष्यात कुठल्या वळणावर आली, आणि ते पुस्तक तुम्हाला कोणी दिलं, ते लिहा. समीक्षा नको.

कर्वेनगर, निवृत्त बँक कर्मचारी, वय 71

मी थोरली. 1974 साली वडील अंथरुणाला खिळले आणि मी बँकेत लागले. मागे तीन भावंडं. स्थळं येत, आई प्रत्येकात काहीतरी खोट काढी. उंची कमी, गाव लांब, सासू कडक. मला वाटे, केवढी काळजी माझी!

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने डब्याच्या पिशवीतून 'कळ्यांचे निःश्वास' आणून दिलं. पुस्तक 1933 चं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. त्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, इथेच हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. त्यातल्या एका कथेचं नाव 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मी नुसतं नाव वाचलं आणि पुस्तक मिटलं. तीन दिवस उघडलंच नाही.

माझी आई दुष्ट नव्हती. माझा पगार गेला तर फिया कुठून भरायच्या, औषधं कशी आणायची, या धास्तीने ती खोट शोधत होती, आणि ते तिचं तिलाही कळत नसावं. मैत्रिणीने मला समोर बसवून एक कागद करायला लावला: कोणाचं शिक्षण कधी संपतं, तोवर महिना किती लागेल. तो कागद मी आईपुढे ठेवला. रात्रभर ती जागी होती. सकाळी चहा देताना म्हणाली, "आता बघायला घेऊ या." एकोणतिसाव्या वर्षी लग्न झालं. पुढची पाच वर्षं निम्मा पगार माहेरी दिला, तसं ह्यांना आधीच सांगून.

मैत्रीणही थोरलीच होती. ती बिनलग्नाची राहिली. तिला हवं होतं का नको, ते मी कधी विचारलंच नाही. माझा कागद तिने केला, तिचा करायला मी बसले नाही. चाळीस वर्षं हे सलतंय. परवा तिच्याकडे जाऊन बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ आम्ही गप्प होतो.

बाणेर, वय 38

वरच्या काकूंचं वाचून शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' आठवली. तीही कमावती थोरली मुलगी, विवाहित साहेबात गुंतलेली, शेवटी मनाने कोसळलेली. मी आधी 2009 चा रेणुका शहाणे यांचा सिनेमा पाहिला, कादंबरी घटस्फोटाच्या वर्षी वाचली. माझं सगळं लक्ष सरस्वतीकडे होतं. रीटाची मैत्रीण. त्या वर्षी माझी जुनी रूममेट रोज ऑफिस सुटलं की यायची, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची आणि साडेनऊला निघायची. एकदाही म्हणाली नाही की आता सावर.

हडपसर, परिचारिका

माझी आई भोर तालुक्यातली. आरक्षणामुळे एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आली. सभेच्या दिवशी भाऊबंदांपैकी कोणीतरी घरी वही घेऊन येई, ती चुलीपुढून उठून सही करी. कविता महाजन यांची 'ब्र' (2005) रात्रपाळीत एका सिनियर सिस्टरने दिली. त्यातली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. मी सुट्टीवर गेले तेव्हा आईला त्यातलं वाचून दाखवलं. आईने विचारलं, "ह्या बाईला कुणी सांगितलं आमचं?" मग पहिल्यांदा तिने सांगितलं, की एका सहीवर काय लिहिलंय ते तिने विचारलं होतं, आणि त्या रात्री वडिलांनी हात उचलला होता. मी तीस वर्षांची होईपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

पर्वती पायथा

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. कॉलेजात मॅडमनी गौरी देशपांडे वाचायला सांगितलं. लिहिणं आवडलं, खरंच आवडलं. पण त्या बायका घरातून निघतात तेव्हा जायला दुसरी जागा असते, कुठे परदेशही असतो. आमच्या वस्तीत नवऱ्याला सोडलेली बाई त्याच गल्लीत चार दारं पुढे राहते आणि त्याच नळावर पाणी भरते. मला माझी माणसं उर्मिला पवार यांच्या कथांत भेटली. तिथे नवऱ्याबरोबर जातही अंगावर येते. दोन्ही वाचा, एवढंच म्हणणं आहे. चार दारं पुढे राहायला गेलेली बाई म्हणजे माझी मावशी. तिचा हंडा उचलून डोक्यावर द्यायला रोज शेजारीण यायची, तिच्याशी बोलायचं नाही असं गल्लीत ठरलेलं असताना.

सहकारनगर, वय 74

इथे लिहिणारा मी पहिलाच पुरुष दिसतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या कपाटात गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया' मिळालं, साड्यांच्या खाली. तीन दीर्घकथा आहेत. 'कारावासातून पत्रे'मध्ये जवळजवळ पानोपानी पेन्सिलीच्या रेघा. हळूहळू वाचतोय. काही रेघांपाशी आमचं कोणतं भांडण होतं ते ओळखू येतं, काही ठिकाणी मला काहीच लागत नाही. एका पानाच्या कडेला तिच्या अक्षरात 'हो' आहे, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'मलाही'.

ते दुसरं अक्षर कोणाचं? पहिल्या पानावर 'तुला, संक्रांत 1988' एवढंच आहे. त्या वेळी ती टिळक रोडजवळच्या एका शाळेत शिकवत होती. तिच्या मैत्रिणींची नावं मी कधी नीट लक्षात ठेवली नाहीत. ज्यांनी हे पुस्तक दिलं त्या वाचत असतील तर कळवा. पुस्तक तुम्हाला द्यायचं आहे, आणि जमलं तर थोडं बोलायचं आहे.