ख्रिस्तामागं जाताना मागं काय राहिलं? मराठवाड्यातले अनुभव

दुधनाकाठ, जालना

सगळ्यांना सलाम.

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासून आहे. सोडायचं ते त्यांनी सोडलं, माझ्यापर्यंत सगळं आयतं आलं. म्हणून ज्यांनी स्वतः काही सोडलंय किंवा घरात कुणी सोडताना पाहिलंय, त्यांच्याकडून ऐकायचंय.

जालन्याजवळ बेथेल ही वस्ती आहे. ती वसवणारे नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा वडिलांनी कोर्ट गाठलं आणि पोरगं अजाण म्हणून वडिलांच्या ताब्यात दिलं गेलं. श्रीपतला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातन्यांचा रोष त्यांच्यावरही आला. नारायणरावांचा परतीचा रस्ता मात्र कायमचा बंद झाला. ते पुढं निजामाच्या मुलखात आले आणि ज्यांची सावलीही त्यांच्या घरानं टाळली असती, त्या मातंग आणि महार कुटुंबांमध्ये जन्म काढला. एका बाप्तिस्म्यानं एका घरात केवढी उलथापालथ झाली, हे मी बेथेलला जातो तेव्हा दर वेळी मनात येतं.

साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगणं, आपण मंडळीत नेहमी ऐकतो. तिथं सोडलेलं दोन वाक्यांत उरकतं आणि मिळालेल्यावर अर्धा तास जातो. इथं उलटं करा. बायबलमध्ये प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना लिहिताना आधी आपल्या यहुदीपणाची यादी दिली आहे: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा. ते सगळं केरकचरा आहे, हे तो त्यानंतर म्हणतो. मला ती यादी वाचायची आहे. गावाचं, माणसांचं नाव लिहू नका. कुणाचा धर्म मोठा हा वाद इथं नको.

मांजराकाठ, लातूर जिल्हा

यादी म्हणाल तर माझी एका ओळीची आहे: जातीचा दाखला.

मी मातंग समाजातला. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला. डी.एड. झालं, भरतीत अनुसूचित जातीच्या यादीत नाव बसेल एवढे गुण होते, आणि त्याच सुमारास बाप्तिस्मा ठरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात आमच्यासारख्याला इतर मागासवर्गात धरतात. घर त्याच गल्लीत, गावाची नजर तीच, दाखला तेवढा बदलतो.

वडील म्हणले, "कागदावर काय बी राहू दे की. येशू कागद बघायलाय का?" असं करणारी घरं मी जवळून बघितलीत आणि त्यांना खोटं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ज्या घरात एका नोकरीवर दहा ताटं वाढली जातात, तिथं बाहेरच्यानं शहाणपण शिकवू नये. मला स्वतःला मात्र ते जमेना. रविवारी मंडळीत उभं राहून कबुली द्यायची आणि सोमवारी त्याच तोंडानं सही करायची, हे घशाखाली उतरेना.

भरतीचा फॉर्म नेट कॅफेत भरला. तिथल्या पोरानं आडनाव बघून मला न विचारताच धर्माच्या रकान्यात हिंदू टाकलं. मी म्हणलं, ते काढ, ख्रिश्चन टाक. तो म्हणला, "दादा, मग खालचा दाखला जोडता येत नाही, बघा." त्यानं खुर्ची वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं. मागं लाईन होती, लोक घाई करायले होते. मी म्हणलं, राहू दे, नको जोडू.

यादी लागली, नाव नव्हतं. आता खत-बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो. वडील बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

धाकट्यानं बाप्तिस्मा घेतला नाही. तो त्याच दाखल्यावर पोलिसात लागला. रिटायर झाल्यावर घेईन म्हणतो. वडिलांच्या बायपासचा खर्च त्याच्या पगारातून झाला. मी त्या पैशाला नको म्हणलो नाही आणि म्हणूही शकलो नसतो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही दोघं भाऊ एकाच बाकड्यावर बसलो होतो. माझा विश्वास माझ्या जागी होता, त्याची नोकरी त्याच्या जागी होती, आणि त्या दिवशी बाप वाचला तो नोकरीमुळं. साक्ष देताना ही गोष्ट सांगितली तर लोकांना अवघडल्यासारखं होतं. पण झालं ते असं आहे.

पूर्णामाय, परभणीकडची

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरचे आहेत. तरी लिहू का, असं विचारणार होते, पण घरात सोडताना पाहिलेल्यांनीही लिहा म्हणलात म्हणून लिहिते.

सासर पाटलाचं. आता पाटीलकी कागदावर राहिली नाही, पण मान राहिलाय. पोळ्याला आमचे बैल बाशिंग बांधून वेशीतल्या तोरणाखालून आधी जायचे, मग गावाचे. होळीची पहिली पोळी आमच्या घरची. दसऱ्याला सोनं लुटायला अख्खं गाव आमच्या ओट्यावर यायचं. ह्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी चार मोठी माणसं घरी आली. ओरडली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. पाणी घेतलं आणि म्हणली, "पाटील, उद्या बैल कोण धरणार?" हे म्हणले, धाकट्याला द्या. झालं. पिढ्यानपिढ्याचा मान चहा निवायच्या आत दुसऱ्या घरी गेला. हे रानात निघून गेले आणि रात्री शांत झोपले. मी जागी होते.

कारण हळदीकुंकवाची बोलावणी मला बंद झाली. माझं कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, घरात देव्हारा आहे, मी काही बदलले नाही. तरी संक्रांतीला जावा-नणंदा आमच्या दारावरून पुढं जातात. ह्यांनी सोडलं ते ह्यांच्या मर्जीनं. माझं न विचारता गेलं. ख्रिस्ती मंडळीत ह्यांचं कौतुक होतं, टाळ्या वाजतात. मला तिथं बसवतात, प्रेमानं वागवतात, पण माझं काय गेलं हे कुणी विचारत नाही.

भाऊ म्हणाले, नवऱ्यानं धर्म बदलला तर कायद्यानं फारकत मिळते, चल. मी गेले नाही. माणूस पहिल्यापेक्षा चांगला झालाय हे मी शपथेवर सांगेन. आधी गड्याला हाताखालचं जनावर समजायचे, आता त्याला सोबत घेऊन जेवायला बसतात. पण पोळा आला की माझ्या पोटात कालवतं.

नांदेडचा वकील

ताईंच्या भावाचं बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं एक कारण आहे. ज्याचा धर्म बदलला नाही त्यालाच ते मागता येतं, आणि मागायचं की नाही हेही त्याच्याच हातात असतं. आणखी एक गोष्ट घराघरांत चुकीची सांगितली जाते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसा हक्क जात नाही. अडचण कलम २६ ची आहे. धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या वारशाला अपात्र ठरतात, वारसा उघडतो तेव्हा ती स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे सोडतो बाप आणि कमी पडतं लेकराला. ताई, मुलं आधीची असतील तर काळजी करू नका.

हलगी, अंबड

सगळं वाचलं. पाटील, ब्राह्मण यांचं सोडणं मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण आमच्या माणसांकडं सोडायला काय होतं असं कुणाच्या मनात येत असेल तर सांगतो. होतं.

माझ्या आज्याच्या बापाकडं हलगी होती. जत्रेला, लग्नाला, मयतीला तीच वाजायची, आणि त्याबदल्यात सुगीत खळ्यावर बलुतं मिळायचं. मिशनचे लोक आले, बाप्तिस्मा झाला, आणि म्हाताऱ्यानं देवळापुढं वाजवायचं बंद केलं. गावानं बलुतं बंद केलं. ज्या घराला पायलीभर ज्वारी म्हणजे महिना, त्या घरानं ती ज्वारी सोडली. पाटलाचा मान गेला तर पाटलाच्या कणगीतलं धान्य कमी होत नाही. आमची कणगीच गेली. घरच्या आठवणीप्रमाणं त्या साली म्हातारीनं तरोट्याची भाजी शिजवून पोरं जगवली. त्यातलीच एक पोर पुढं मिशनच्या शाळेत शिकून नर्स झाली. शेषाद्रींचं नाव पुस्तकात आहे, माझ्या पणज्याचं कुठंच नाही, म्हणून इथं लिहितो.

आता नाताळच्या फेरीत आम्ही हलगी वाजवतो. कुणी बलुतं देत नाही, आनंदानं वाजवतो.

दुधनाकाठ, जालना

हलगीभाऊ, बेथेलवर लिहिताना मी एकाच माणसाचं नाव लिहिलं. तिथं येऊन राहिलेल्या प्रत्येक घरामागं तुमच्या पणजोबांसारखी गोष्ट असणार. आणि पूर्णामाय, तुम्ही लिहिलंत ते आमच्या सगळ्या पाळकांनी वाचावं असं मनापासून वाटतं. घरातला एक जण सोडतो तेव्हा मंडळीनं दुसऱ्याच्या दाराशीही जायला हवं.

डॉक्टरांची लेक, छत्रपती संभाजीनगर

माझे बाबा सर्जन होते. शहरात प्रॅक्टिस सुरू झाली होती, जागा घेऊन ठेवली होती. ते सगळं आवरून ते मराठवाड्यातल्या एका मिशन दवाखान्यात गेले. पगार म्हणजे शहरातल्या चार ऑपरेशनचे पैसे.

लोकांना वाटतं आम्ही भजनं गात वाढलो. आमच्या घरी आई बाबांच्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवायची, उलटी करून परत शिवायची. फाटलेली बाजू आत, चांगली बाहेर. तिचे हात चांगले होते, लांबून कळायचं नाही. त्याच शर्टात बाबा कॉलेजच्या स्नेहमेळाव्याला एसटीनं गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची स्वतःची हॉस्पिटलं झाली होती. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "सगळ्यांना मधुमेह झालाय गं," आणि राउंडला गेले.

मला खासगी कॉलेजात मेडिकलला घालणं त्यांना परवडलं नाही. मी मायक्रोबायोलॉजी केलं. याचा राग मला होता आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. समजूत घातली नाही, वचनं ऐकवली नाहीत. "तुझं खरं आहे," एवढंच म्हणाले. त्या उत्तरासाठी मी त्यांना खूप मानते. आता ते नाहीत. आजही बसमध्ये एखादी बाई आडनाव ऐकून ब्लाउजची बाही वर करते आणि टाके दाखवते: हे तुमच्या बाबांनी घातलेले.

गंगापूर, धर्मगुरू

मी वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर होतो. कायम झालो होतो, दुचाकीचे हप्ते फिटत आले होते. दोन बहिणी लग्नाच्या. सेमिनरीत जातो म्हणालो तेव्हा आई रडली, आणि तिच्या रडण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणींची लग्नं काकांनी केली.

पण मला दुसरंच सांगायचंय. निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं घेतली आणि गावी आलो. ज्या चुलत्यानं कधी बस म्हटलं नव्हतं, त्यानं खुर्ची पुसून दिली. म्हाताऱ्या पाया पडायला लागल्या. जेवताना पहिलं ताट फादरचं. कंपनीत मला एवढा मान कधीच नव्हता. म्हणजे दारातून घालवलेली गोष्ट झगा घालून खिडकीतून आत आली. कवी ना. वा. टिळक जन्मानं ब्राह्मण, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना जात सोडली. पुढं १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा काढला. १९१९ मध्ये ते वारले. पहिलं सोडणं सगळ्यांना ठाऊक असतं. मला दुसऱ्याचा जास्त धाक वाटतो. माझं ते अजून व्हायचंय.

बीड, सरकारी नोकर

खुर्ची सोडली नाही. टक्केवारी सोडली. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला. त्यानं जकातीचं काम सोडल्याचं लूकच्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. मी तेवढ्यावरच थांबलोय. बिलं अडतात, बदल्या होतात, साहेब लोक जेवायला बोलवत नाहीत. बायको म्हणते घर लहान आहे पण झोप लागते. जास्त लिहीत नाही, नोकरी आहे.

नवीन सदस्य, धाराशिव

मांजराकाठ दादा, माझा बाप्तिस्मा ईस्टरला ठरलाय. तलाठी भरतीची तयारी चाललीय, दाखला तुमच्यासारखाच. घरी अजून कुणाला सांगितलं नाही. काय करू?

मांजराकाठ, लातूर जिल्हा

आधी आईला सांग. पाळकांच्या आधी, मित्रांच्या आधी. तिला बाहेरून कळायला नको.

ईस्टरची घाई करू नको, प्रभू पुढच्या ईस्टरलाही आहे. पण भरतीसाठी पुढं ढकलायलास की मनाची तयारी नाही म्हणून, एवढं स्वतःशी बघून घे. बाप्तिस्मा घेतलास तर फॉर्मवर खरं लिही. इतर मागासवर्गाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर लागेल. त्याला वेळ लागतो, तहसीलला आत्तापासून चकरा मार. त्या यादीत गुण जास्त लागतात, म्हणून अभ्यास वाढव. नाव लागणारच नाही असं धरून चालू नको.

कुणी म्हणलं की बाप्तिस्मा घे, देव दुसरी मोठी नोकरी देईल, तर विश्वास ठेवू नको. मला दिली नाही. रविवारी दुकान बंद असतं. ये, आईलाही घेऊन ये. माझी आई तिच्याशी बोलेल.