अडीच वर्षांच्या लेकीसोबत घरी ‘आठवड्याचा विषय’ कसा घेता? (ठाणे)

कासारवडवलीची आई | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहतो. लेक गेल्या महिन्यात अडीच वर्षांची झाली. यंदा प्लेग्रुपला घालायचं नाही, पुढच्या जूनमध्ये बघू असं आमचं ठरलंय. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते आणि सासूबाई-सासरे सोबत असतात, त्यामुळे तिच्याजवळ कायम कुणी ना कुणी असतं.

मार्चपासून मी दर आठवड्याला तिच्यासाठी एक थीम घेते. रंग झाले, आकार झाले, शेतातले प्राणी झाले. नेटवरून वर्कशीट उतरवायची, प्रिंट काढायची, लॅमिनेट करायची. मुलगी झोपली की रात्री बारापर्यंत कात्री घेऊन बसते. ‘ऋतू’च्या आठवड्यात नारिंगी कागदाची पानं कापली, हिवाळ्यासाठी कापसाचा स्नोमॅन केला. तिने तो हातात घेतला, थोडा कापूस उपटला आणि खिडकीशी पळाली. दहा मिनिटंसुद्धा बसत नाही. आता पावसामुळे खाली बागेत जाणंही बंद झालंय. सासूबाई म्हणतात, कशाला एवढं जिवाला लावून घेतेस, खेळू दे की. पण मला हे मनापासून करायचंय.

तुम्ही कोणते विषय घेतलेत? किती दिवस चालवलेत? सामान काय वापरलंत? ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखादी जागा विषयाला जोडता आली असेल तर तीही सांगा.

नेरुळचा बाबा | सोमवार, रात्री ११:२०

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला विषय म्हणजे भाजी. रविवारी सकाळी मुलाला स्वतःची छोटी पिशवी द्यायची आणि मंडईत न्यायचं. दोडक्याच्या शिरा, कारल्याचे उंचवटे, दुधीची लव, सगळ्यावर हात फिरवू द्यायचा. घरी आल्यावर भेंडीचं देठाकडचं टोक कापून पोस्टर कलरमध्ये बुडवायचं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठसे. भेंडीचं फूल उमटतं, अर्ध्या कांद्याची वर्तुळं उमटतात. पाच दिवस हाच उद्योग चालला होता.

एक सावधगिरीचं सांगतो, कारण आमच्यावर बेतलं होतं. सेन्सरी बिन म्हणून, म्हणजे हात घालून चाचपत खेळायला, परातीत राजमा ओतून दिला आणि मी फोन घ्यायला उठलो. तेवढ्यात एक दाणा नाकात गेला. कोरडा दाणा ओलाव्याने फुगतो आणि आपण चिमटा-पिन घेऊन काढायला गेलो तर आणखी आत सरकतो, म्हणून तसंच उचलून डॉक्टरांकडे धावलो. ते दोन तास मी विसरू शकत नाही. टिशू पेपरचा रोल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते ना, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात एकटं सोडून द्यायची नाही. आणि रिमोट, दिव्याची खेळणी यांतले बटण सेल घरात कुठे कुठे आहेत ते आजच बघून ठेवा. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, अशा वेळी एक मिनिटही वाट बघायची नसते.

नौपाड्याच्या बाई | मंगळवार, सकाळी ७:१५

एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझं वाचून राहवलं नाही. एकेरीत लिहिते, चालेल ना?

आधी एक सांग, ती खिडकीशी पळाली तेव्हा बाहेर काय बघत होती? ते नीट बघून ये. तुझा पुढचा विषय तिथे आहे.

कागदावरच्या गाईशी या वयाचं मूल करणार काय? बोट दाखवलं, ‘गाय’ म्हटलं, झालं. त्याच्या हाताला काम लागतं. आपल्याच भागातलं उदाहरण देते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो सगळा ठाणे जिल्हाच होता. माँटेसोरीची विकतची साधनं त्या पाड्यांवर कुठून आणणार? ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पानं, बिया घेतल्या आणि त्यांवरच मोजणं, जुळवणं, वेगळं करणं सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. तुझ्याकडे तर अख्खं स्वयंपाकघर आहे.

आता तुझ्या कामाचं. या वयात नावांपेक्षा क्रियापदांवर भर दे. आपल्या भाषेत ती किती आहेत बघ. मेथी खुडायची, कोथिंबीर निवडायची, लसूण सोलायचा, पीठ चाळायचं, कणीक मळायची, लिंबू पिळायचं, पोळी लाटायची. प्रत्येकाला हाताची वेगळी हालचाल लागते आणि मूल शब्द त्या हालचालीसकट उचलतं. ‘खुडणं’ हा शब्द वर्कशीटवर कसा शिकवशील? तिच्या पुढ्यात मेथीची चार पानं ठेव, तू खुड, तिला खुडू दे, आणि खुडता खुडता शब्द बोलत राहा.

लाल-हिरव्यात गोंधळली तर काळजी करू नकोस. दोन लाल वाट्या तिला एकत्र ठेवता येतात, फक्त नाव चुकतं, हे या वयात नेहमीचंच. आकड्यांचंही तसंच. दहापर्यंत म्हणून दाखवणं ही पाठांतराची गोष्ट झाली. ‘आजीला दोन बटाटे नेऊन दे’ म्हटल्यावर बरोबर दोनच नेले तर तिला दोन कळले.

ऋतू घ्यायचाच तर आपला घे. आपल्याकडे पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग नारिंगी कागद कशाला कापतेस? आत्ता तर पावसाळा दारात उभा आहे. सोसायटीच्या कुंपणाशी टाकळा उगवला असेल. सकाळी एकदा ने आणि दिवेलागणीला पुन्हा ने. संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. आमच्या वर्गातली मुलं त्याला ‘झोपाळू झाड’ म्हणायची. बाजारात कोवळ्या टाकळ्याची जुडी मिळाली तर घरी भाजी कर आणि निवडायला तिला सोबत घे.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. आणि सोमवारी सुरू, शुक्रवारी बंद, असं करू नकोस. तिचं मन भरलं की विषय संपला.

ऐरोलीकर ताई | मंगळवार, दुपारी २:०५

बाईंना मनापासून नमस्कार! आमचा विषय थंडीचा आहे, पण आत्तापासून लिहून ठेवा. रोहित पक्षी. फ्लेमिंगो. साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत असतात. ऐरोलीला खाडीकाठी किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरती-ओहोटी बघून बोटी सुटतात. मुलगा लहान म्हणून आम्ही बोटीत बसलो नाही, सीवूड्सच्या बाजूला पाणथळीच्या काठावर उभं राहून बघितलं.

मुलाला आवडलं ते त्यांचं खाणं. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो, पाणी गाळून बाहेर टाकतो आणि आत राहतं ते खातो. घरी येऊन टोपभर पाण्यात मूठभर कुरमुरे टाकले, हातात चहाची गाळणी दिली. गाळायचं, वाटीत उपडं करायचं, पुन्हा गाळायचं. माझा सगळा स्वयंपाक उरकला तरी तो तिथेच बसलेला. (पाणी वीतभर असलं तरी मूल नजरेआड नको.) शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन तो गुलाबी होतो, पिल्लू मात्र करड्या रंगाचं असतं, हे सांगितल्यावर त्याने तीन दिवस बिटाची कोशिंबीर खाल्ली आणि आरशात गाल बघितले. एका पायावर उभं राहण्याचा सराव तर आजही चालू आहे.

पाचपाखाडीचे आजोबा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

नातवासाठी आगगाडी केली होती, पद्धत देतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तिला चौदा डबे होते आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मी रिकाम्या काडेपेट्यांचे चौदा डबे सुतळीत ओवले आणि साबणाच्या तीन खोक्यांची इंजिनं केली. नातवाला इतिहासाशी काय देणंघेणं! पण ‘साहिब, सिंध, सुलतान’ ही नावं त्याच्या तोंडात अशी बसली की झोपेतही म्हणतो. पलंगाखालचा बोगदा तो पारसिकचा. डब्यात प्रवासी म्हणून कपड्यांचे चिमटे बसतात. पाऊस उघडला की स्टेशनच्या पुलावर नेऊन पंधरा मिनिटं गाड्या दाखवा, गर्दीची वेळ तेवढी टाळा.

विटाव्याहून | मंगळवार, रात्री ९:५०

मला मुळात थीम हा प्रकारच पटत नाही. आम्ही चार भावंडं चाळीत वाढलो, कुणी विषय घेतले नव्हते. या वयात मूल सगळं एकदम शिकत असतं, त्याचे तुकडे आपण का पाडायचे? आईवरही उगाच ओझं पडतं.

नौपाड्याच्या बाई | बुधवार, सकाळी ७:००

तुमचं म्हणणं अर्ध्याहून जास्त मान्य आहे. पण चाळीत अंगण होतं, चार भावंडं होती, शेजारच्या काकूंचं वाळवण होतं, विषय आपण होऊन समोर यायचे. अकराव्या मजल्यावरच्या एकट्या मुलीसमोर ते कुणीतरी आणून ठेवावे लागतात. विषय आईच्या लक्षात राहावा म्हणून असतो. काल तिने काय बघितलं, आज त्यातलं काय हाताला द्यायचं, एवढंच त्याचं काम. मुलीला तो विषय आहे हे कळायचीसुद्धा गरज नाही.

आणि व्हिडिओ लावून विषय पुरा करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, तीही जितकी कमी तितकी बरी.

कासारवडवलीची आई | तीन आठवड्यांनंतर, रविवार

बाई, तुम्ही सांगितलंत तसं तिच्यामागे जाऊन उभी राहिले. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, तिथे उंच पिवळी क्रेन आहे. ती रोज तिलाच बघत असते! मार्चपासून! मी तिच्या पाठीमागे बसून शेतातले प्राणी कापत होते.

तीन आठवडे आमचा विषय क्रेन. सासऱ्यांनी बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला माळ्यावरची जुनी कप्पी बांधली, सुतळीला रंगाचा रिकामा डबा. डब्यात बटाटे. ती सुतळी ओढते, डबा वर जातो, आजी वरून बटाटा काढून घेते. पहिल्या दिवशी तिने सुतळी एकदम सोडली, डबा धाडकन खाली आला आणि ती दचकून रडली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाली, ‘हलू सोड.’ आता दोन्ही हातांनी, एकामागे एक मूठ धरत, जीभ बाहेर काढून सोडते. वर, खाली, ओढ, सोड, हळू, थांब, अडकला, सुटला, एवढे शब्द तीन आठवड्यांत आले. (सुतळी गळ्यात जाऊ शकते म्हणून खेळ संपला की लगेच काढून वर ठेवतो.)

क्रेनच्या आखूड हातावर सिमेंटचे ठोकळे का असतात, हे सासऱ्यांनी तिला हँगरवर दाखवलं. हँगर खुंटीला, दोन्ही टोकांना पिशव्या. एका पिशवीत कांदा टाकला की ती बाजू खाली. मग ती धावत जाऊन दुसरा कांदा आणते. मोठ्या कांद्यासमोर दोन लहान लागतात हे तिला काल कळलं आणि तिने ते तिघांना वेगवेगळं बोलावून दाखवलं. सासूबाई आता स्वतःच लहान कांदे बाजूला काढून ठेवतात.

टाकळाही बघितला. रोज संध्याकाळी ‘पान झोपलं’ म्हणून टाटा करून येतो. त्यावरूनच परवा तिने विचारलं, ‘क्रेन कधी झोपते?’ मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणी बांधकामातलं आहे का?

खारघरहून, सिव्हिलवाला | रविवार, रात्री ८:१०

आहे ना! काम बंद झालं की आम्ही टॉवर क्रेनचा आडवा फिरण्याचा ब्रेक मोकळा करून ठेवतो. अडकवून ठेवली तर जोराच्या वाऱ्यात सगळा दाब उभ्या खांबावर येतो. मोकळी असली की लांब हात वारा नेईल तिकडे आपोआप वळतो, देवळाच्या शिखरावरच्या झेंड्यासारखा. सध्या वारा पश्चिमेकडून आहे, तेव्हा काम थांबल्यावर हात बहुतेक पूर्वेला दिसेल. लेकीला सांगा, क्रेन वाऱ्याकडे पाठ करून झोपते.

कासारवडवलीची आई | रविवार, रात्री ९:५५

आत्ताच बघून आलो. साइटवरचे दिवे बंद झाले होते, तिला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिले. दिवसा येऊरच्या डोंगराकडे असलेला हात खाडीकडे वळला होता आणि अगदी सावकाश हलत होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग काचेला हात लावून टाकळ्याला करते तसा टाटा केला.